भवानीची ऑर्डर

मी उभं केलेलं पहिलं दुकान अमेरिकेतल्या कुठल्याशा मशीनवर होतं, आणि पहिले तीन आठवडे ते उघडलंच नाही. दुकान तसं माझं नव्हतं, मोठ्या काकूंचं होतं. पण ते उघडत नव्हतं याचा त्रास मात्र सगळा मला होता, कारण "आठ दिवसांत करून देते" असं मीच छाती पुढे काढून सांगितलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सकाळी निवृत्त काकांना माउस कसा धरायचा ते दाखवायचं, दुपारी बारावी झालेल्या मुलींना टायपिंग शिकवायचं, आणि मधल्या वेळात एका जाडजूड पुस्तकावरून स्वतः वेबसाइट करायला शिकायचं, असा माझा दिवस असे. तेव्हा डोंबिवलीत वेबसाइट करता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलं एक बोट माझं आहे हे मी कोणाला विसरू देत नसे. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला माझं फार कौतुक होतं.

मोठ्या काकू आमच्या शेजारच्या. अगदी माझ्या लहानपणापासूनच्या, ठाण्याला टेंभी नाक्यामागच्या चाळीत राहत होतो तेव्हापासूनच्या. त्यांच्या बिऱ्हाडात दोन जावा होत्या, त्यांना आम्ही पोरं मोठ्या काकू आणि धाकट्या काकू म्हणायचो. दोघी मिळून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकायच्या. पाटी नव्हती, दुकान नव्हतं, दाराशी एक स्टूल आणि त्यावर डबे. नवरात्रात नाक्यावर माणसांना पाय ठेवायला जागा नसे, आणि त्या गर्दीतून बायका वाट काढत आमच्या जिन्याशी यायच्या त्या उपासाच्या भाजणीसाठी. चाळीतल्या आमच्या परकरांना, वह्यांना, शाळेच्या दप्तरालासुद्धा धने आणि खोबरं भाजल्याचा वास असायचा. वर्गातल्या मुली मला चिडवायच्या, आणि आज तो वास कुठे आला तर मी रस्त्यात थांबते.

दोघींची कामं वाटलेली होती. भाजायचं ते धाकट्या काकूंनी, कुटून घ्यायचं आणि विकायचं ते मोठ्या काकूंनी. गोड्या मसाल्यातलं दगडफूल कढईत किती वेळ ठेवायचं हे फक्त धाकट्या काकूंच्या नाकाला कळायचं. त्या कढईवर वाकायच्या, एकदा हुंगायच्या आणि म्हणायच्या, "ताई, काढा आता." मोठ्या काकू ताबडतोब काढायच्या. एरवी त्या कोणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

विकण्याचे नियम मात्र मोठ्या काकूंचे. त्यातला सगळ्यात कडक नियम भवानीचा. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. माल संपला असला तर घरातला काढून द्यायचा, पण "नाही" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जिन्याखाली एक कोळीण पाटी घेऊन बसायची, तिच्याकडून काकूंनी हा नियम उचलला होता. ती पहिली नोट पाटीला लावून कपाळाला लावायची. काकू डब्याला लावायच्या. एकदा भल्या सकाळी एक बाई पापडाचं पीठ मागायला आली. काकू पापडाचं पीठ कधी करतच नसत. त्यांनी त्या बाईला बसवून ठेवलं, चहा दिला आणि धाकट्या जावेला उडीद दळून आणायला पिटाळलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चाळ पाडायचं ठरलं आणि आम्ही सगळे डोंबिवलीला आलो, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. धंदा वाढला. मानपाडा रोडला एक गाळा घेतला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मोठ्या काकूंचे यजमान पाटी रंगवून घेऊन आले. पाटीवर एकट्या मोठ्या काकूंचं नाव होतं.

मी तिथे होते. झेंडूच्या माळा करत बसलेले. धाकट्या काकूंनी पाटी वाचली आणि जावेकडे बघितलं. मोठ्या काकू म्हणाल्या, "आता रंगवून झालीय, राहू दे." धाकट्या काकू म्हणाल्या, "राहू दे ना." एवढंच. भांडण नाही, तंडण नाही. दुसऱ्या दिवशी त्या गाळ्यावर आल्या नाहीत, आणि नंतरही कधी आल्या नाहीत. पुढे त्यांच्या मुलाला न्यू जर्सीला नोकरी लागली आणि नातवाला सांभाळायला त्या तिकडे गेल्या. निघताना वाकून नमस्कार केला तेवढाच. मोठ्या काकूंनी त्या दिवसापासून गोडा मसाला करायचा बंद केला. कोणी मागितला तर सांगायच्या, "आम्ही तो ठेवत नाही." आम्ही, हे त्या अजून म्हणायच्या.

काकूंचे यजमान गेले, तेव्हा तिकडून फोन आला. दोघी दोन मिनिटं बोलल्या, तेही अंत्यविधीचं. मग परत सगळं बंद.

असं सगळं असताना मी वेबसाइटची टूम काढली. डोंबिवलीतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तेव्हा अमेरिकेला निघालं होतं, आणि त्यांच्या बायकांना तिकडे भाजणी, मेतकूट हवंच असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिकडून त्यांनी वेबसाइटवर ऑर्डर टाकायची, पैसे इथल्या सासूने किंवा भावाने गाळ्यावर आणून द्यायचे, आपण पार्सल पोस्टात टाकायचं. मला वाटलं होतं काकू उडवून लावतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं.

"ते न्यू जर्सीत दिसतं का गं?"

मी त्यांना जग, इंटरनेट आणि सर्व्हर या विषयावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मग कर," काकू म्हणाल्या. "आणि वरती पाटी असते ना त्याची? तिथे दोघींची नावं टाक."

मी कुरकुरले. दोन नावं घातली की मथळा दोन ओळींत जात होता आणि माझी सुंदर मांडणी बिघडत होती. काकू ऐकेनात. मला तेव्हा त्यांचा राग आला, मथळ्यासाठी. इतकी मी शहाणी होते.

सगळ्यात स्वस्त होस्टिंग शोधलं ते अमेरिकेतलं. आपल्याकडची कार्डं तिकडे चालत नसत, म्हणून मैत्रिणीच्या तिथल्या भावाने त्याच्या कार्डावर वर्षभराचं भरलं. 'शेअर्ड होस्टिंग' म्हणजे काय ते काकूंना सांगताना मी आमच्या चाळीचाच दाखला दिला होता, आणि तो अजूनही मला पटतो. एकच मशीन, त्यावर शंभर बिऱ्हाडं. प्रत्येकाला एक खोली, पण नळ सामाईक. एखाद्याकडे पाहुणे आले की सगळ्यांचं पाणी जाणार. काकूंना ते लगेच समजलं. "म्हणजे तिकडे पण चाळच," त्या म्हणाल्या, आणि त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

दुकानाचा प्रोग्रॅम मला फुकट मिळाला होता. कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिलेला. त्यात मालाची यादी आपण भरायची. यादीसाठी काकूंना विचारायला हवं होतं. पण मला घाई, आणि आईच्या कपाटात गाळ्याच्या उद्घाटनाचं जुनं पत्रक सापडलं. मी त्यावरूनच यादी उतरवून काढली. पत्रकात पहिलंच नाव होतं, गोडा मसाला.

मग सुरू झाली ती तीन आठवड्यांची साडेसाती. क्लासच्या मालकांनी रविवार सकाळ मला दिली होती, इंटरनेटसकट. फोनची लाइन लागेपर्यंत अर्धा तास. लागली की फाइली एकेक करून अमेरिकेला चढवायच्या, आणि मधेच लाइन तुटली की पहिल्यापासून. शुक्रवारी वेळ काढावा तर डोंबिवलीत शुक्रवारी दिवसभर वीज नसायची. फाइली चढल्या, प्रत्येकीला कोणी वाचायचं कोणी चालवायचं त्याचे आकडे दिले, पुस्तकात सांगितलं तसं सगळं केलं. दुकान उघडायला जावं तर पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ: आतमध्ये काहीतरी बिघडलं आहे. काय बिघडलं ते नाही. मला असल्या मोघम बोलण्याचा फार संताप येतो, माणसांच्याही.

घोडं कुठे अडलं होतं ते तिसऱ्या रविवारी कळलं. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह राहतं. त्या अमेरिकेतल्या मशीनला ते चालत नव्हतं. फाइल चढवताना एक पर्याय बदलायचा होता, बस. मी तो बदलला, फाइल पुन्हा चढवली, आणि पान उघडलं. दोन ओळींचा मथळा, खाली मालाची यादी. मी रिकाम्या क्लासमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता ऑर्डर जाते का ते बघायचं होतं. फॉर्मला अमेरिकेतला पत्ता हवा होता, त्यांच्या पाच आकडी पिनकोडसकट. खोटा पत्ता सुचेना. माझ्या पुस्तकात खूण म्हणून एक पाकीट ठेवलेलं होतं. धाकट्या काकूंनी मला वाढदिवसाला पाठवलेल्या पत्राचं, मागे त्यांचा पत्ता. मी तोच टाकला, नावासकट. यादीतला पहिला माल निवडला. शेवटी 'सूचना' म्हणून एक रकाना होता, फॉर्म क्लासच्याच कॉम्प्युटरवर करून बघताना त्यात मी प्रत्येक परीक्षेला काहीबाही लिहायचे, कधी "आता तरी चाल", कधी त्या मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्या दिवशीही काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. पाच मिनिटांत ऑर्डर ईमेलने आली. मी ती क्लासच्या प्रिंटरवर कर्रकर्र करत छापली आणि धावत घरी आले.

काकूंचं दार बंद होतं. गिरणीत भाजणी दळून आणायला गेल्या असणार. मला कल्याणला एका शिकवणीला जायचं होतं. मी कागद कडीत अडकवला आणि गेले. आपण काय करून ठेवलंय हे मला कल्याणच्या रिक्षात बसल्यावर कळलं. कागदावर वर दोघींची नावं, खाली धाकट्या काकूंचं नाव, पत्ता, आणि 'गोडा मसाला, एक किलो'. शिकवणीत मी त्या मुलाला काय शिकवलं ते देवाला ठाऊक.

संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्याच मजल्यावर वास आला. धने, तीळ, खोबरं, आणि त्यावर तो दुसरा, मातीसारखा, कित्येक वर्षांत न आलेला. दार उघडं होतं. देवापुढे निरांजन, निरांजनाशेजारी माझा कागद, कागदाला हळदकुंकू. काकू लोखंडी कढईपाशी उभ्या होत्या आणि दगडफूल परतत होत्या. आच मोठी होती.

मी सांगायलाच आले होते. जिन्यात वाक्यही तयार केलं होतं.

"काकू, ती ऑर्डर..."

"भवानी आहे," काकू म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "तुझ्या दुकानाची पहिली. आणि काय मागवलंय बघितलंस ना? नेमका गोडा."

"हो, पण..."

"बाजूला हो, ठसका लागेल." त्या कढईवर वाकल्या, हुंगल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. "मला नाही कळत हे कधी काढायचं," त्या म्हणाल्या. "मला कधीच नाही कळलं."

'मला नाही कळत' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. सत्तरीला आलेल्या, साऱ्या इमारतीला धाकात ठेवणाऱ्या बाईच्या. माझं तयार वाक्य मी गिळलं. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही. चार वर्षांनी जावेने आपल्याकडे काहीतरी मागितलं, असं त्यांना वाटत होतं, आणि ते मी फॉर्म भरायला पत्ता नव्हता म्हणून केलं होतं.

मसाला तीनदा केला. पहिला फेकला, दुसरा आम्हाला वाटला, तिसरा पिशवीत भरला. मांजरपाटाच्या कापडात पार्सल शिवायला मी बसले. ते काम तरी धड करावं म्हणून. काकूंनी देवापुढचा कागद उचलला, आत खोलीत घेऊन गेल्या, थोड्या वेळाने घडी घालून आणला आणि मसाल्याच्या पिशवीवर ठेवला. "पावती," म्हणाल्या. पैसे कोण देणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मला ते तेव्हा लक्षात आलं नाही. पोस्टात लाखेचे ठसे मारताना त्या काउंटरवाल्याला तीनदा म्हणाल्या, न्यू जर्सी बरं का.

मग वाट बघणं आलं. धाकट्या काकूंना आधीच कळवून ठेवावं म्हणून मी एक पत्र लिहिलं: असं असं झालं, चूक माझी, तुम्ही मागवलं होतं असंच सांगा. ते फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. मधल्या काळात दुकानावर खऱ्या ऑर्डरी यायला लागल्या. एक टेक्सासहून भाजणीची, एक लंडनहून मेतकुटाची. मला त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. पोस्टमन दिसला की मी जिन्यात जाऊन उभी राहायचे.

महिन्याने पत्र आलं. काकूंनी मला हाक मारली आणि चष्मा पुसून मोठ्याने वाचलं.

"ती. ताईंना सा. न. वि. वि. मसाला पोचला. दगडफूल करपलं आहे. आच मंद ठेवायची असते. बाकी मसाला चांगला. आज आमटीत घातला. मुलगा दोनदा भात घेऊन जेवला. कळावे."

काकूंनी पत्र दोनदा वाचलं. "बघ," त्या म्हणाल्या, "खोड गेली नाही. सात समुद्रांपलीकडून नाक खुपसते." आणि पदराने डोळे टिपले. मी आमच्या घरी येऊन बाथरूममध्ये रडले. सुटले म्हणूनही, आणि फसवलं म्हणूनही. त्यानंतर दोघींची पत्रं सुरू झाली. त्यांत आच, कढई आणि दगडफूल सोडून फारसं काही नसायचं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात धाकट्या काकू सहा आठवड्यांसाठी आल्या. पहिल्याच सकाळी पदर खोचून स्वयंपाकघरात. दोघींची अखंड बोलणी भिंतीपलीकडून ऐकू यायची, आणि मला माझ्याच घरात चोरासारखं वाटायचं. शेवटी एक दिवस मोठ्या काकू आत धने निवडत असताना मी धाकट्या काकूंना बाहेरच्या खोलीत गाठलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. पाकीट, पत्ता, परीक्षा, कडी.

"तुम्ही ऑर्डर दिलीच नव्हती," मी म्हटलं. "त्यांना अजून वाटतं की तुम्ही मागवलं म्हणून. आणि तुम्हाला वाटलं असणार त्यांनी आपणहून पाठवलं. मी दोघींना फसवलं."

त्यांनी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक घडी काढली. प्रिंटरचा तो कागद, कडेला भोकांची पट्टी अजून तशीच. कुंकवाचा डाग तपकिरी झाला होता.

"मी आधी हे वाचलं," त्या म्हणाल्या, आणि वरच्या दोन ओळींच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "मग खालचं."

खाली 'सूचना' या रकान्यात, रोमन अक्षरांत, मी त्या सकाळी टाइप केलेलं आणि साफ विसरून गेलेलं वाक्य होतं: ही टेस्ट ऑर्डर आहे, पाठवू नये. त्याच्याखाली शाईने एक सरळ रेघ ओढलेली. आणि रेघेखाली मोठ्या काकूंचं टपोरं अक्षर.

"वाचलं. पण भवानी आहे, परत पाठवता येत नाही. दगडफूल जमलं नसणार. काय चुकलं ते कळव."

मी कागद हातात घेऊन ते पुन्हा वाचलं. धाकट्या काकूंनी कागद माझ्या हातातून घेतला, होत्या त्याच घडीवर दुमडला आणि पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात आतून मोठ्या काकूंची हाक आली.

"अगं ये ना लवकर. कढई तापलीय. दगडफुलाला मी हात लावलेला नाहीये."